धुरकऱ्याचा वाली कोण?

आंबिया बहाराची संत्री बाजाराला गेली, कपाशीच्या वेचण्या आटोपत आल्या, आणि मोर्शीच्या चौकाचौकांत, बसस्थानकाच्या भिंतीवर, चहाच्या टपऱ्यांवर शंकरपटाचे फलक झळकू लागले, की वऱ्हाडात हिवाळा खऱ्या अर्थाने आला असे समजावे. हे फलक आम्ही दरवर्षी लक्षपूर्वक वाचतो. पहिल्या बक्षिसाची रक्कम ठळक अक्षरांत असते. कोठे रोख रकमेऐवजी मोटारसायकल असते. उद्‌घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि त्यांच्याभोवती गोल चौकटींत मावतील तितके कार्यकर्ते, सर्वांची छायाचित्रे असतात. प्रवेशशुल्क असते, पंचांचा निर्णय अंतिम राहील ही सूचना असते. आणि अगदी तळाशी, ज्या अक्षरांसाठी चष्मा पुसावा लागतो अशा बारीक अक्षरांत, एक वाक्य बहुधा असतेच: कोणताही अपघात झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही. डॉक्टर कोण असतील, रुग्णवाहिका कोठे उभी राहील, जखमीला कोठल्या रुग्णालयात नेण्यात येईल, याविषयी मात्र अक्षर नसते.

आमचा आजचा विषय हा त्या बारीक अक्षरांतील वाक्याचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे बरे. आम्ही पटाचे विरोधक नाही. शहरात राहून, दोन पुस्तके वाचून, खेड्यातील माणसाच्या आनंदाला रानटी ठरविणाऱ्यांची एक जात आहे. त्या पंगतीत बसण्याची आम्हांस हौस नाही. धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट वऱ्हाडाबाहेरही नावाजलेला आहे, आणि तेथे स्त्रियांनी कासरे हाती घेऊन जोड्या हाकल्याचे महाराष्ट्राने कौतुकाने पाहिले आहे. वर्षभर पोटच्या पोराप्रमाणे जपलेली जोडी जेव्हा मैदानात सुटते, तेव्हा तिच्या मालकाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते केवळ बक्षिसाच्या लोभाने येत नाही, हे पाहणाऱ्याला कळते. कापसाचा भाव आणि संत्र्याची गळ यांनी ग्रासलेल्या माणसाला वर्षातून एक दिवस अभिमानाने मान वर करावीशी वाटली, तर त्यात गैर काय?

हा खेळ परत मिळविण्यासाठी महाराष्ट्र दीर्घकाळ न्यायालयात झगडला. केंद्र सरकारने २०११ साली बैलाचा समावेश, ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून वाट काढली. परंतु तीही उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींस परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवून वादावर पडदा टाकला. बारा वर्षे वकील झगडले, मोर्चे निघाले, विधिमंडळात भाषणे झाली. या सर्व काळात ज्याच्याविषयी वाद झाला तो बैल होता. त्याची शरीररचना धावण्यास योग्य आहे की नाही, त्याला वेदना होतात की नाही, पशूंना म्हणून जी पाच स्वातंत्र्ये जगाने मान्य केली आहेत ती त्याला मिळतात की नाही, याचा ऊहापोह न्यायपीठापुढे तपशिलाने झाला. तो होणे योग्यच होते. मुक्या जनावराची बाजू कोणी तरी मांडावयासच हवी. परंतु बैलाच्या मागे लाकडाच्या सांगाड्यावर एक माणूसही असतो, आणि त्याला तोंड असूनही त्याच्या वतीने कोणी बोलले नाही.

परिणाम असा झाला, की आजचे नियम बैलाला जपतात. पट भरविण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, पन्नास हजार रुपयांची ठेव ठेवावी लागते, धाव एक हजार मीटरहून लांब असता कामा नये, पशुवैद्यकाने जोडी तपासून ती धावण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तुतारी, चाबूक, विजेचा धक्का यांस मज्जाव आहे. क्रूरता झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी कायद्याची तरतूद आहे. या प्रत्येक अटीचे आम्ही स्वागत करतो. पण मूळ कायदाच १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या पोटातून निघालेल्या नियमांकडून माणसाच्या रक्षणाची अपेक्षा करणे म्हणजे पशुवैद्यकाला माणसाची नाडी पाहावयास सांगण्यासारखे आहे. बैलाची तब्येत ठीक आहे असा दाखला दाखविल्यावाचून जोडी मैदानात उतरत नाही. धुरकऱ्याने रात्री झोप घेतली आहे काय, त्याच्या अंगात ताप आहे काय, तो शुद्धीत तरी आहे काय, हे विचारणारा कोणी नाही.

ज्यांनी पट दुरूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे वर्णन करावयास हवे. शर्यतीचा छकडा म्हणजे आपल्या ओळखीची बैलगाडी नव्हे. वजन कमी व्हावे म्हणून तिच्यातून जे काढता येईल ते काढलेले असते. दोन चाके, आस, दांडी आणि माणूस जेमतेम टेकेल एवढी जागा. कठडा नाही, पाठीला आधार नाही. हातात कासरा, आणि तोच काय तो आधार. कोठे जोड्या एकामागून एक घड्याळावर सुटतात आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. कोठे दोन जोड्या शेजारी शेजारी धावतात. नांगरून, दाबून, पाणी मारून तयार केलेली मातीची पट्टी दुपारपर्यंत खुरांनी उखडते. एखादे ढेकूळ चाकाखाली येते, छकडा हातभर उडतो, आणि धुरकरी मागे किंवा बाजूला फेकला जातो. मागे पडला तर डोके व पाठ यांवर आघात. बाजूला पडला तर चाक मांडीवरून किंवा बरगड्यांवरून जाते. आणि कासरा मनगटाला गुंडाळलेला असला तर तो बैलांमागे फरफटत जातो. कासरा गुंडाळू नये हे प्रत्येक जाणत्या धुरकऱ्याला ठाऊक असते. जोडी हातची सुटू नये म्हणून गुंडाळणारेही पुष्कळ असतात.

याहून मोठा धोका धाव संपते तेथे असतो. जोडी रेषेवर थांबत नाही. तिला थांबावयास आणखी बरेच अंतर लागते. आणि निकाल जवळून पाहता यावा म्हणून गर्दी नेमकी तेथेच दाटते. कोठे बांबू रोवून सुतळी ओढलेली असते. सुतळीने माणूस अडत नाही, मग बैल काय अडणार?

काही वर्षांपूर्वी, जिल्ह्यातील एका गावच्या पटात, आम्ही स्वतः मैदानाच्या कडेला उभे होतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते कोणतेही असू शकले असते. एका जोडीचा छकडा कलंडला आणि विशी-बाविशीचा धुरकरी पाठीवर आदळला. क्षणभर सर्वत्र शांतता पसरली. मग पन्नास माणसे धावली. एकाने त्याचे खांदे धरले, दुसऱ्याने पाय, आणि पोते उचलावे तसे त्याला उचलून संत्र्याच्या पेट्या वाहणाऱ्या एका गाडीत टाकण्यात आले. कोणी तरी त्याच्या तोंडात पाणी ओतत होते, कोणी नाकाशी वहाण धरीत होते. ही सर्व माणसे मायेने वागत होती. एकाच्या डोळ्यांत पाणी होते हे आम्ही पाहिले. गाडी निघाली ती शंभर पावलांवर अडली, कारण मैदानाकडे येणाऱ्या एकुलत्या एक पांदणीवर दोन्ही बाजूंनी मोटारसायकली लावलेल्या होत्या. त्या हलविण्यात जो वेळ गेला त्यात ध्वनिक्षेपकावरून पुढील जोडीचा पुकारा झाला. तो मुलगा वाचला. कमरेखालचे अंग मात्र परत आले नाही. पाठीच्या कण्याची हानी पडताना झाली की उचलताना, याचे उत्तर आता कोणी देऊ शकत नाही, आणि तेच आम्हांस सर्वांत अधिक छळते.

आमच्यापैकी काहींनी या व्यवसायात येण्यापूर्वी शाळेत मुले शिकविली आहेत. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात प्रथमोपचाराचा एक धडा असे; परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येई आणि मुले तो पाठ करून लिहीत. ते पाठांतर मैदानावर का आठवत नाही? कारण हाताला त्याची सवय नसते. पाठीवर किंवा मानेवर पडलेल्या माणसाला, त्याचा श्वास चालू असेल आणि तेथे दुसरा धोका नसेल, तर जागचे हलवू नये. डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरून मदतीची वाट पाहावी. हलवावेच लागले तर चौघांनी मिळून, मान, पाठ व कंबर एका रेषेत ठेवून, फळीवर घ्यावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून जोराने दाबून धरावे आणि कापड वरचेवर उचलून पाहू नये. हे सांगावयास दोन मिनिटे लागतात, अंगवळणी पडावयास एक दुपार. पटाच्या स्वयंसेवकांना टोप्या आणि बिल्ले वाटण्यापूर्वी ती एक दुपार देता येणार नाही काय?

पटाच्या मातीविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. ही शेणामातीची जमीन. धनुर्वाताचे जंतू अशाच जमिनीत, जनावरांच्या वावराच्या जागी, वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहतात. खरचटलेल्या गुडघ्यावर माती चोळून पुन्हा छकड्यावर चढणाऱ्या धुरकऱ्याचे कौतुक होते. लहानपणी टोचून घेतल्यावर त्याने पुन्हा लस घेतली आहे काय, हे कोणी विचारीत नाही. ही लस सरकारी रुग्णालयात मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत.

‘पायच तर मोडला, जीव तर वाचला,’ असे पटावर सहज म्हटले जाते. मांडीचे हाड मोडले म्हणजे आतल्या आत लिटरभर किंवा त्याहूनही अधिक रक्त साचू शकते, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसते. या संदर्भात एका दूरदेशीच्या अपघाताची आठवण द्यावीशी वाटते. कारण ज्या खेळात पैशाला तोटा नाही तेथेही हे शहाणपण मरणानंतरच आले. १० सप्टेंबर १९७८ रोजी इटलीतील मोंझा येथे मोटारींच्या जागतिक शर्यतीत, सुरुवातीलाच, रॉनी पीटरसन या स्वीडिश चालकाची मोटार आदळून पेटली. सहकारी चालकांनी त्याला बाहेर ओढले. तो शुद्धीत होता. भाजणे किरकोळ होते. पाय मात्र जबर मोडले होते. रुग्णवाहिका येण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला. रात्री शस्त्रक्रिया झाली, आणि मोडलेल्या हाडांतील चरबी रक्तात मिसळून दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. मरणास पाय पुरले. त्या शर्यतींचे वैद्यकीय प्रमुख, मेंदूचे शल्यविशारद सिड वॉटकिन्स, यांनी त्यानंतर हट्ट धरला, की प्रत्येक शर्यतीच्या पहिल्या फेरीत डॉक्टरांची मोटार स्पर्धकांच्या मागोमाग धावलीच पाहिजे. तेव्हापासून ती धावते.

ती मोठ्या लोकांची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. मग धाकट्यांची ऐका. अमेरिकेत खेड्यापाड्यांतून मातीच्या वर्तुळाकार धावपट्ट्या आहेत. शनिवारी रात्री आसपासचे लोक आपापल्या मोटारी घेऊन तेथे येतात. आपल्या पटाचेच ते यांत्रिक भावंड म्हणावयाचे. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅनन्डेग्वा येथील अशाच एका मातीच्या मैदानावर केव्हिन वॉर्ड हा वीस वर्षांचा चालक, मोटार भिंतीला आदळल्यावर, रागाच्या भरात उतरून धावपट्टीवर चालत गेला आणि दुसऱ्या मोटारीखाली सापडून मेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथील सर्वांत मोठ्या मोटारशर्यत संघटनेने नियम केला, की अपघातानंतर आग किंवा तसाच दुसरा धोका नसेल तर सुरक्षापथक येईपर्यंत चालकाने मोटारीतून उतरू नये. आपल्याकडे पडलेला धुरकरी उठतो तो आपल्या जोडीमागे धावतो, आणि त्याच्यामागे गाव धावते. मैदान मोकळे झाल्याचा बावटा दिसल्यावाचून पुढील जोडी सोडू नये, एवढा नियम करण्यास कोणाची परवानगी हवी आहे?

आता आपल्या भूगोलाकडे वळू. मोर्शीस उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु डोक्याला मार लागलेला किंवा पोटात रक्तस्राव होत असलेला रुग्ण पुढे अमरावतीस धाडावा लागतो, आणि ते अंतर पन्नासएक किलोमीटर आहे. तेथेही निभले नाही तर नागपूर. पट गावाबाहेरच्या शिवारात असतो. म्हणजे पांदणीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा वेळ यात आणखी मिळवावयाचा. पट सुट्टीच्या दिवशी असतो, तेव्हा रुग्णालयांत मनुष्यबळ कमी असते. हेही विसरावयाचे नाही. गंभीर अपघातानंतरचा पहिला तास मोलाचा असे डॉक्टर सांगतात. आमच्या मैदानांवर तो तास गाडी शोधण्यात, मोटारसायकली हलविण्यात आणि ‘अमक्याला फोन लाव’ म्हणण्यात संपतो.

‘एकशे आठ’ आहे की, असे यावर उत्तर मिळते. ती आहे, आणि तिने महाराष्ट्राचे भले केले आहे, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. २०१४ च्या आरंभी ही सेवा सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्याला ९३७ रुग्णवाहिका मिळाल्या. त्यांपैकी प्रगत जीवरक्षक साधने असलेल्या २३३ होत्या. या गाड्यांवर एका वेळी अनेक गावांचा भार असतो. पटाच्या दिवशी ती वरुडच्या रस्त्यावर एखाद्या बाळंतिणीला घेऊन निघालेली असेल, तर धुरकऱ्याने थांबावयाचे की बाळंतिणीने? म्हणूनच ‘एकशे आठ’ची गाडी दिवसभर मैदानावर उभी करून ठेवावी, असे आम्ही सुचविणार नाही, तो इतर गावांवर अन्याय होईल. पट भरविणाऱ्या मंडळाने स्वतःच्या खर्चाने खाजगी रुग्णवाहिका, प्राणवायू, फळी व मानेचा पट्टा यांसह, आणि एक डॉक्टर, असा दिवसभराचा बंदोबस्त करावा. पटाची तारीख व जागा उपजिल्हा रुग्णालयाला आठवडाभर आधी लेखी कळवावी. आणि पांदणीची एक बाजू सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळी ठेवावी. यांतील शेवटच्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही. चार स्वयंसेवक आणि एक दोरी पुरते.

खर्च झेपत नाही, ही तक्रार आम्ही ऐकली आहे. ती ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे फलकावरील मोटारसायकल येते. जे मंडळ बक्षिसांवर लाखांच्या गोष्टी बोलते, मंडप, ध्वनिक्षेपक, सत्काराच्या शाली आणि नारळ यांचा हिशेब लावते, त्याला एका दिवसाची रुग्णवाहिका जड व्हावी, हे हिशेबाने पटत नाही. ज्या लहान गावास ती खरोखरच झेपत नसेल, त्याने शेजारच्या दोन गावांशी मिळून एकच पट भरवावा. पट कमी झाले म्हणून वऱ्हाडाचे नाक कापले जाणार नाही.

शिरस्त्राणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कारण तेथे खर्चाचा नव्हे, मिजाशीचा संबंध येतो. फेटा बांधून छकड्यावर चढण्यात जो रुबाब आहे तो टोपीत नाही, असे धुरकरी म्हणतात. हे आम्हांस समजते. पण घोड्यांच्या शर्यतीत स्वार डोक्यावर कवच आणि छातीवर गादीचे जाकीट घातल्यावाचून उतरत नाही, आणि त्याच्या शौर्याविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. मोटारसायकलचे जड शिरस्त्राण कदाचित येथे सोयीचे होणार नाही. मान वळवून दोन्ही बैलांवर नजर ठेवावी लागते. घोडेस्वारांचे हलके शिरस्त्राण येथे चालावे. पहिल्या क्रमांकाच्या धुरकऱ्यानेच ते एकदा घातले, म्हणजे दुसऱ्या हंगामापासून पोरे ते मागून घेतील. मिजास अशीच बदलते.

पोरांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हलक्या अंगाचा धुरकरी असला म्हणजे छकडा हलका आणि जोडी वेगवान, हे गणित पटशौकिनांना पाठ आहे. या गणिताचा मोह कोवळ्या वयाच्या मुलापर्यंत जाऊन पोहोचतो. दहीहंडीच्या थरांत चौदा वर्षांखालील मुले चढविणार नाही, अशी हमी राज्य सरकारने २०१७ साली उच्च न्यायालयात दिली. पटासाठी वय अठराहून कमी असूच नये, असे आमचे मत आहे. आणि वयाचा दाखला बैलाच्या दाखल्याशेजारी नोंदवहीत लागलाच पाहिजे.

दहीहंडीवरून आणखी एक गोष्ट सुचते. मुंबई-ठाण्याच्या गोविंदांसाठी २०२२ पासून सरकारी विमासंरक्षणाची व्यवस्था झाली, मृत्यूनंतर वारसांस दहा लाख रुपये अशी तिची मर्यादा ठरली, आणि पुढील वर्षांत हजारो गोविंदांस तिचा लाभ देण्यात आला. उत्तम झाले. तिकडे तमिळनाडूत जल्लीकट्टूच्या मैदानात उतरणाऱ्या तरुणाची आधी नोंदणी व वैद्यकीय तपासणी होते, दुहेरी कठडे घालावे लागतात, वैद्यकीय पथके व रुग्णवाहिका सज्ज असाव्या लागतात. तेथे माणसे मरत नाहीत असे नाही; प्रतिवर्षी मरतात. परंतु त्या राज्याने बैलाबरोबर माणसाचीही दखल नियमांत घेतली. आमच्या धुरकऱ्याच्या वाट्याला काय येते? शेतकऱ्यांसाठी अपघाताची सानुग्रह अनुदान योजना आहे, तीत मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात. पण ती सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यापुरती. जोडी एकाची, छकडा दुसऱ्याचा, आणि मजुरीवर राबणारा भूमिहीन पोर त्यावर चढलेला, असे जेथे घडते, तेथे ती योजना त्याच्या आईपर्यंत कशी पोहोचावी? त्या योजनेच्या वगळलेल्या अपघातांत मोटारींच्या शर्यतीचा उल्लेख आहे. बैलांच्या शर्यतीविषयी कार्यालयातील कारकुनाने काय अर्थ लावावा, हे त्याच्या मर्जीवर सोडलेले बरे नाही. सरकारने हे एका परिपत्रकाने स्पष्ट करावे, आणि गोविंदास जे दिले ते धुरकऱ्यासही द्यावे. तो मुंबईत मतदान करीत नाही, एवढ्यावरून त्याच्या हाडांची किंमत कमी होत नाही.

राहता राहिले ते बारीक अक्षरांतील वाक्य. मंडळ जबाबदार राहणार नाही, असे छापल्याने जबाबदारी जात नाही, हे मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी एखाद्या वकिलाकडून समजून घ्यावे. खेळातला जो अंगभूत धोका आहे तो खेळणाऱ्याने पत्करला, इतकेच फार तर म्हणता येईल. मंडळाच्या निष्काळजीपणाला त्याने संमती दिली, असा त्याचा अर्थ होत नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कठडा नव्हता, वाट बंद होती, डॉक्टर नव्हता, आणि हे सर्व आधी माहीत होते, असे न्यायालयात सिद्ध झाले, तर फलकावरचे वाक्य कामी येईल असे आम्हांस वाटत नाही. गोल चौकटीत हसणाऱ्या पाहुण्यांनीही, आपले नाव छापण्यास अनुमती देण्यापूर्वी, डॉक्टरचे नाव कोठे आहे हे विचारावे.

परंतु मंडळांच्या सद्‌बुद्धीवर सारे सोपविण्याचे कारणच काय? परवानगी देणारे अधिकारी आपल्याच जिल्ह्यात बसलेले आहेत. प्राण्यांविषयीचे नियम माणसाविषयी बोलत नसले, तरी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अटी घालण्यापासून ते जिल्हाधिकाऱ्यांना रोखीत नाहीत. सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेस आरोग्य पथक बसते, वाहनांचे तळ दूर ठरतात, पोलीस वाट मोकळी ठेवतात. म्हणजे हे कसे करावे ते मोर्शीच्या तहसिलीला शिकवावयास नको. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा जनावरांचे बाजार आणि शर्यती एका आदेशासरशी थांबल्या होत्या. म्हणजे आदेश काढता येतो आणि तो पाळलाही जातो. पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्राशेजारी माणसांच्या डॉक्टरचे संमतिपत्र, रुग्णवाहिकेचा क्रमांक, कठड्याचा व मोकळ्या वाटेचा नकाशा आणि धुरकऱ्यांची वयासह यादी, एवढे कागद या हंगामापासून अर्जासोबत मागावेत, अशी आमची अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांस विनंती आहे. अकोल्यासही हीच.

आता स्वतःविषयी. पटाच्या दुसऱ्या दिवशी या दैनिकात निकाल छापून येतो. त्यात जोडीच्या मालकाचे नाव असते, गावाचे असते, बैलांची लाडकी नावेही कधी असतात, आणि वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत दिलेली असते. ती जोडी कोणी हाकली, हे आम्ही इतकी वर्षे छापीत आलो नाही. वाचकांनी विचारले नाही, आणि आम्हांसही सुचले नाही. ज्याचे नाव छापले जात नाही तो पडला म्हणजे ती बातमीही तीन ओळींत आटोपते, या दोषात आमचाही वाटा आहे. या हंगामापासून निकालात धुरकऱ्याचे नाव मालकाच्या नावाआधी छापण्यात येईल; आणि त्याच्याखाली, मैदानावर डॉक्टर व रुग्णवाहिका होती किंवा नव्हती, हे प्रत्येक पटाबाबत एका ओळीत नमूद करण्यात येईल. तशा सूचना तालुक्यातील आमच्या सर्व वार्ताहरांस काल धाडण्यात आल्या आहेत.